दोन नावांना जागलेला खेळाडू

संगीत शिकविणाऱ्याने एका खेळाडूचे चरित्र सांगावयास बसावे, हे वाचकांस जरा चमत्कारिक वाटेल. पण मी या माणसापर्यंत पोचलो तो एका तबकडीच्या मागोमाग. ‘नाइट ट्रेन’ ही अमेरिकेतील एक गाजलेली गत. जिमी फॉरेस्ट या सॅक्सोफोनवादकाने ती 1951 मध्ये ध्वनिमुद्रित केली आणि पुढच्याच वर्षी बडी मॉरो या ट्रॉम्बोनवादकाच्या वाद्यवृंदाने वाजविली. लय भरीव, संथ. रात्रीच्या वेळी लांबून आगगाडी यावी तशी. या गतीचे नाव ज्याला जन्माचे चिकटले, तो डिक लेन हा अमेरिकन फुटबॉलमधील बचावाचा थोर खेळाडू होय.

त्याला मुळात नावच नव्हते. 1920 नंतरच्या दशकाच्या अखेरीस टेक्सास संस्थानातील ऑस्टिन शहरी जन्मदात्यांनी हे तीन महिन्यांचे नीग्रो मूल कचऱ्याच्या पेटीत टाकून दिले. एला लेन नावाची एक विधवा वाटेने जात होती. तिला वाटले मांजर रडते आहे. पाहते तो मूल. पदरी स्वतःची मुले असताना तिने त्याला घरी नेले, वाढविले आणि आपले आडनाव दिले. हे त्याचे पहिले नाव.

शाळेत तो फुटबॉल व बास्केटबॉल खेळला. नेब्रास्कातील एका छोट्या कॉलेजात एक वर्ष काढले आणि मग चार वर्षे सैन्यात. तेथून सुटल्यावर लॉस एंजेलिसच्या विमानांच्या कारखान्यात तेलाने माखलेले पत्रे उचलण्याचे काम हाती आले. त्या कामाला तो कंटाळला. 1952 मध्ये एके दिवशी वर्तमानपत्रांतील आपल्या खेळाची कात्रणे चिकटवलेली वही काखेत मारून तो लॉस एंजेलिस रॅम्स या व्यवसायी संघाच्या कचेरीत सरळ जाऊन उभा राहिला. रॅम्स हे आदल्या वर्षीचे विजेते. त्यांनी या अनोळखी तरुणाची परीक्षा घेण्याचे कबूल केले.

या खेळाला अमेरिकेत फुटबॉल म्हणत असले, तरी त्यात पायांचे काम थोडे. लांबट चेंडू हातात घेऊन धावायचे किंवा तो लांब फेकून आपल्या गड्याकडून झेलवायचा. लेनला हे झेलणाऱ्याचे काम हवे होते. पण त्या जागी रॅम्सकडे टॉम फिअर्ससारखे नामवंत आधीच होते. लेन सराव संपला की फिअर्सच्या खोलीवर जाई आणि खेळातील बारकावे विचारी. माझे वडील दरबारी गवई. असे वेळीअवेळी शंका घेऊन येणारे शिष्य मी घरी पाहिले आहेत, म्हणून हे चित्र मला परके वाटत नाही. फिअर्स आपल्या खोलीत ‘नाइट ट्रेन’ची तबकडी पुन्हा पुन्हा लावी. एकदा लेनला तेथे पाहून एका सहकाऱ्याने त्याला त्याच नावाने हाक मारली. लेनला ते प्रथम रुचले नाही. पण त्याच वर्षी एका सराव-सामन्यात त्याने चार्ली जस्टिस या प्रसिद्ध खेळाडूला पाडले. या जस्टिसचे टोपणनावही आगगाडीवरूनच पडलेले. वर्तमानपत्राने एका गाडीने दुसरी गाडी रुळावरून घसरविल्याचा मथळा दिला. तेव्हापासून लेनने ते नाव आपले मानले. हे दुसरे नाव.

झेलणाऱ्याची जागा मिळाली नाही, तेव्हा त्याला बचावात कोपऱ्यावर उभे केले. प्रतिपक्षाचा झेलणारा धावेल त्याच्या मागे राहायचे आणि चेंडू मधल्यामध्ये हिसकावायचा, हे तेथील काम. जे फिअर्सकडून झेलण्यासाठी शिकला, ते आता झेल पळविण्यासाठी कामी आले. लेन मुद्दाम थोडा मागे राही, म्हणजे फेकणाऱ्याला आपला गडी मोकळा आहे असे वाटे. चेंडू हातातून सुटला की लेन झेपावे. समेआधी किती थांबावे हे ज्याला कळते, त्यालाच हे साधते. पहिल्याच हंगामात 12 सामन्यांत त्याने असे 14 झेल पळविले. पुढे हंगामातील सामने 17 झाले, तरी हा विक्रम आजवर कोणी मोडलेला नाही.

त्याचा खेळ सभ्य मात्र नव्हता. तो गड्याला मानेपाशी आवळून पाडी. या पकडीला लोक त्याचा ‘नेकटाय’ म्हणत. समोरच्याच्या तोंडावरची जाळी धरण्यावर 1962 मध्ये पूर्ण बंदी आली, त्यामागे अशा पकडीच होत्या. नियम झाला हे योग्यच झाले. रॅम्सनंतर शिकागो कार्डिनल्स व डेट्रॉइट लायन्स या संघांतून तो 1965 पर्यंत खेळला. एकूण 14 हंगामांत 68 झेल. विजेतेपद मात्र एकदाही नाही.

1963 च्या जुलैमध्ये त्याने डायना वॉशिंग्टन या विख्यात गायिकेशी लग्न केले. तबकडीवरून नाव मिळालेल्याच्या घरी गाणेच आले म्हणायचे. पण पाच महिन्यांनी, 14 डिसेंबरला, झोपेच्या औषधांनी तिचा अपघाती अंत झाला. ती निपचित पडलेली प्रथम दिसली ती लेनलाच. तिचे वय अवघे 39 वर्षांचे होते.

1969 मध्ये व्यवसायी फुटबॉलच्या पन्नाशीनिमित्त निवडलेल्या सर्वकालीन संघात त्याची जागा झाली आणि 1974 मध्ये कँटन येथील मानमंदिरात त्याचा समावेश झाला. पुष्कळांची चरित्रे येथे संपतात. लेन मात्र 1975 मध्ये डेट्रॉइटच्या पोलीस ॲथलेटिक लीगचा प्रमुख झाला. शहरातील मुलांना रस्त्यावरून उचलून मैदानावर आणणे हे त्या संस्थेचे काम. ते त्याने 1992 पर्यंत केले. मग तो ऑस्टिनला परतला आणि 29 जानेवारी 2002 रोजी तेथेच वारला.

त्याचे 14 झेल पुढेमागे कोणी ओलांडील. विक्रम त्यासाठीच असतात. मला त्याची डेट्रॉइटमधील ती 17 वर्षे अधिक मोलाची वाटतात. ‘नाइट ट्रेन’ या नावाचे चीज त्याने मैदानावर केले. एला लेनने दिलेल्या नावाचे ऋण मात्र मैदानावर फिटणारे नव्हते. ते त्याने दुसऱ्यांच्या मुलांकडे पाहून फेडले.