नवरा ख्रिस्ती झाला, बायको हिंदूच राहिली, मग लहानग्या दत्तूचं काय? लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट

'स्मृतिचित्रे' हे नाव शाळेच्या मराठीच्या पुस्तकात बहुतेकांनी वाचलेलं असतं. लक्ष्मीबाई टिळक म्हटलं की विसरभोळ्या नवऱ्याचे किस्से आणि हसवणारी बाई एवढंच लक्षात राहतं. पण या हसवणाऱ्या बाईच्या आयुष्यात चार-पाच वर्षं अशी गेली की त्यांचं प्रकरण आज नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात उभं राहिलं असतं, तर वकिलांच्या दोन फळ्या समोरासमोर आल्या असत्या. मुद्दा एकच असता. मुलगा कुणाचा?

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा. माहेरचं आडनाव गोखले, गाव नाशिकजवळचं जलालपूर. १८५७ च्या बंडानंतर त्यांच्या आईच्या वडिलांना इंग्रजांनी फाशी दिलं. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने जे घर केलं, ते कायमचं. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, कुणाची सावली नको, कुणाचा स्पर्श नको. त्या घरातली ही मुलगी पुढे एका ख्रिस्ती माणसाची बायको होणार होती.

लग्न झालं तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. नवरा नारायण वामन टिळक. लोकमान्यांचा आणि त्यांचा घोळ अनेकजण घालतात, पण हे कवी टिळक, रेव्हरंड टिळक. माणूस प्रतिभावान, दिलदार आणि संसाराला तितकाच अवघड. खिशातले पैसे समोरच्याला देऊन मोकळे होणारे, नोकऱ्या धरणारे आणि सोडणारे, मनात आलं की घराबाहेर पडणारे. बायकोला लिहा-वाचायला शिकवणारेही तेच.

या भटकंतीत त्यांचं बिऱ्हाड नागपूरला आलं. तिथे आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने टिळकांनी संस्कृत ग्रंथांचं काम केलं, 'ऋषी' नावाचं मासिक चालवलं. नागपूरहून पुढे राजनांदगावच्या संस्थानात नोकरी. आधीची मुलं गेल्याचं दुःख लक्ष्मीबाईंनी पचवलेलं होतं, आणि १८९१ साली झालेला देवदत्त, म्हणजे दत्तू, हाच काय तो आधार होता.

१८९३ च्या सुमारास रेल्वेच्या प्रवासात टिळकांना एक मिशनरी भेटला आणि त्याने हातात 'नवा करार' ठेवला. दोन वर्षं आत बरंच काही घुसळत राहिलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला सोबत न घेता.

लक्ष्मीबाई तेव्हा नातेवाइकांकडे होत्या. बातमी आली आणि घरात सुतक पडावं तसं झालं. त्या काळात एका ब्राह्मणाने ख्रिस्ती होणं म्हणजे तो जातीला मेल्यासारखाच. नवरा जिवंत आणि संसार संपलेला, अशी विचित्र अवस्था. नातेवाइकांनी त्यांना आणि दत्तूला आपल्याकडे ठेवून घेतलं. बराच काळ पंढरपुरात गेला.

इथून खरा पेच सुरू होतो. घरच्यांची पहिली धास्ती बायकोची नव्हती, मुलाची होती. बाप येईल, मुलाला घेऊन जाईल आणि बाटवेल. म्हणून पोरावर नजर.

यात गंमत अशी, की त्या वेळचा कायदा बापाच्या बाजूने होता. १८५० च्या कायद्याने धर्म बदलला किंवा जातीबाहेर टाकलं गेलं म्हणून माणसाचे हक्क जात नाहीत, असं ठरवून टाकलं होतं. कलकत्त्याच्या हायकोर्टाने १८६६ सालीच ख्रिस्ती झालेल्या हिंदू बापाचा मुलांवरचा हक्क मान्य केला होता. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा नुकताच आला होता, आणि बाप हयात असून तो नालायक ठरत नसेल तर कोर्ट दुसऱ्या कुणाला पालक नेमणार नव्हतं. टिळक दावा लावते तर दत्तू त्यांच्या हाती पडण्याचीच शक्यता जास्त होती. इतकंच काय, १८६६ च्या एका कायद्याप्रमाणे धर्मांतरामुळे बायको नांदायला येत नसेल तर ठरावीक मुदतीनंतर लग्न मोडून दुसरं करण्याची वाटही त्यांना मोकळी होती.

टिळकांनी या दोन्ही वाटा घेतल्या नाहीत. तापट आणि उतावळ्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या माणसाने आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या भांडणात मात्र कमालीचा धीर धरला. पत्रं लिहिली, भेटायला आले, बायकोला तिच्या धर्मात राहून आपल्यासोबत राहता येईल असं पटवत राहिले.

दुसऱ्या बाजूला लक्ष्मीबाई. बाप सोडून गेला, बाप बाटला, बापाने आपल्याला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, हे वाक्य त्या मुलाच्या कानावर रोज घालणं किती सोपं होतं! आजूबाजूला बोलणाऱ्यांची कमी नव्हतीच. याच गोष्टीला आज कोर्टात पॅरेंटल एलियनेशन म्हणतात. एका पालकाने, किंवा त्याच्या घरच्यांनी, मुलाच्या मनात दुसऱ्या पालकाबद्दल इतकी अढी बसवायची, की मूल स्वतःच भेटायला नाही म्हणू लागतं. मग न्यायाधीशापुढे प्रश्न येतो की हे नाही मुलाचं आहे की मोठ्यांचं. १८९० च्या कायद्यातच मूल समजण्याइतकं मोठं असेल तर त्याची पसंती विचारात घेण्याची तरतूद आहे, पण पसंती पढवलेली असेल तर काय, हे कायद्यात लिहिलेलं नाही. म्हणून आता कौटुंबिक न्यायालयातले समुपदेशक मुलाशी वेगळं बोलतात, न्यायाधीश स्वतः चेंबरमध्ये मुलाला भेटतात, खटला चालू असतानाच दुसऱ्या पालकाला भेटीचे दिवस ठरवून दिले जातात. २०१७ साली सुप्रीम कोर्टाने लहानपणापासून वडिलांच्या घरी वाढलेल्या एका मुलीचा ताबा आईकडे देताना हाच मुद्दा धरला. एकाच घरात राहिलेल्या मुलाने त्या घराला पसंती दिली, तर ती तपासून घ्यावी लागते.

दत्तूसाठी समुपदेशक नव्हता, भेटीचे दिवस नव्हते. होती ती एक चिडलेली, दुखावलेली, कविता करणारी आई. नवऱ्यावरचा राग त्यांनी लपवला नाही. पण नवऱ्यावरची माया पण कधी लपली नाही, आणि बहुधा पोराला दोन्ही दिसलं.

शेवटी लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन अहमदनगरला नवऱ्याकडे गेल्या. धर्म बदलून नव्हे. मिशनच्या वस्तीत राहून त्यांनी आपलं सोवळं सांभाळलं, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी त्यासाठी सोय करून दिली. एका छपराखाली दोन धर्म आणि मधे बागडणारा एक मुलगा. आजच्या कुठल्याही शहाण्या समुपदेशकाला हेवा वाटावा अशी ही तडजोड होती, आणि ती कुठल्याही कोर्टाच्या हुकमाविना झाली.

मग सोवळं हळूहळू गळून पडलं. माणसामाणसांत विटाळ देवाने ठेवला नाही, हे त्यांचं त्यांना पटलं, आणि कुणाच्याही हातचं पाणी चालू लागलं. ज्यांचे वडील बाजारची वस्तू धुऊन घेत, त्यांच्या मुलीने हे करणं म्हणजे बाप्तिस्म्यापेक्षा मोठी उडी होती. १९०० साली राहुरीत त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. हाच तंटा १९५६ नंतर झाला असता तर पारडं उलट फिरलं असतं. त्या वर्षीच्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार हिंदू धर्म सोडलेला माणूस नैसर्गिक पालक म्हणून वागू शकत नाही. म्हणजे १८९५ चा कायदा टिळकांना मुलगा देत होता आणि १९५६ चा कायदा त्यांचं पालकपणच काढून घेतो! मुलाचं हित सर्वांत वर, हेही त्याच १९५६ च्या कायद्यात आहे, त्यामुळे कोर्टाला वाट उरते. तरी कागदावर बाप तोच असताना धर्मामुळे हक्क जाणं विचित्रच.

टिळक ९ मे १९१९ ला मुंबईत गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेऊन पुरं केलं. फारसं शिक्षण नसलेल्या बाईने नवऱ्याने लिहिले त्याच्या कितीतरी पट अध्याय लिहिले. १९३३ साली नागपूरच्या कविसंमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या. तरुणपणी ज्या शहरात कवीची बायको म्हणून बिऱ्हाड मांडलं, तिथेच.

आणि दत्तू? देवदत्त नारायण टिळक मोठे झाले, लेखक-संपादक झाले. वडिलांचं चरित्र लिहायचं त्यांच्या मनात आलं, आणि त्यासाठी आईने आपल्या आठवणी लिहून द्याव्यात असा त्यांनी आग्रह धरला. लक्ष्मीबाई लिहायला बसल्या. बापाचे गुण, बापाची तऱ्हेवाईक वागणूक, ते सोडून गेल्यावरची पंढरपूरची वर्षं, सगळं त्यांनी मुलासाठी कागदावर उतरवलं. त्याच आठवणी १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' म्हणून भागांमध्ये पुस्तकरूपाने येऊ लागल्या. २४ फेब्रुवारी १९३६ ला लक्ष्मीबाई वारल्या, आणि शेवटचा भाग त्याच वर्षी छापून आला.