न बोलायचं ते बोलणारे कर्वे

कर्वे म्हटलं की आपल्याला आठवतात ते हिंगण्याला विधवांसाठी आश्रम काढणारे महर्षी अण्णासाहेब. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव मात्र बऱ्याच जणींना माहीत झाले ते २००१ सालच्या 'ध्यासपर्व' सिनेमामुळे. वडिलांना मान मिळाला, मुलाच्या वाट्याला मात्र शिव्या आणि कोर्टकचेऱ्या आल्या. आणि त्या कशासाठी? तर बायकांच्या जिवाशी खेळणाऱ्या गोष्टींवर उघड बोलल्याबद्दल!

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. आई राधाबाई बाळंतपणात गेल्या तेव्हा ते अवघे नऊ वर्षांचे होते. १८९९ मध्ये मॅट्रिकला ते पहिले आले. पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. चारचौघांसारखे गप्प बसले असते, तर आयुष्य सुखात गेलं असतं. पण १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मारी स्टोप्स या बाईंनी असंच केंद्र सुरू केलं होतं. कॉलेजला हे विचार रुचले नाहीत आणि नोकरी गेली.

कमी मुलं हवीत, एवढंच सांगून ते थांबले नाहीत. गुप्तरोगांपासून बचाव कसा करायचा, यावरही त्यांनी पुस्तक लिहिलं. त्या काळी गरमी, परमा हे रोग घरोघरी लपवले जात. नवरा बाहेरून रोग घेऊन यायचा आणि भोगायची ती घरातली बाई. गरमीचे जंतू आईच्या रक्तातून पोटातल्या बाळापर्यंत पोचतात. मूल पोटातच जायचं, मग दोष कुणाला? तिच्याच पायगुणाला! पेनिसिलिन तेव्हा यायचं होतं, म्हणजे बचाव हाच खरा उपाय. आणि माहितीच नसेल तर बचाव करायचा कसा?

१९२७ च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते त्यात सरळ उत्तरं देत. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तरी दोनशे रुपये दंड झालाच. घरात पैशांची ओढाताण होती, पण पत्नी मालतीबाई खंबीरपणे पाठीशी राहिल्या. दोघांनी विचारपूर्वक मूल होऊ दिलं नाही. १४ ऑक्टोबर १९५३ ला रघुनाथराव गेले, तोवर मासिक चालू होतं.

त्यानंतर ३३ वर्षांनी, १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीची पहिली नोंद चेन्नईत झाली. रोग नवा, पण लपवाछपवी मात्र जुनीच. एकनिष्ठ बाईलाही नवऱ्याकडून लागण होते आणि तिला कळतं ते गरोदरपणातल्या तपासणीत.

मैत्रिणींनो, मनीषनगरात भिशीला जमलो की साडीपासून सासूबाईंच्या गुडघ्यापर्यंत सगळं बोलून होतं, मग हेही बोलूया ना! एचआयव्ही आणि हिपॅटायटिस 'बी' असुरक्षित संबंधांतून, दूषित रक्तातून, वापरलेल्या सुईतून आणि आईकडून बाळाला होतात. एका ताटात जेवून किंवा हात धरून होत नाहीत. हिपॅटायटिस 'सी' मुख्यतः रक्तातून पसरतो. तेव्हा इंजेक्शनची सुई आपल्यासमोर नवी फोडायला सांगा. जत्रेत गोंदवून घेताना, कान टोचताना, न्हाव्याकडच्या ब्लेडच्या बाबतीतही तोच नियम. रक्त लागलं तर ते परवानाधारक रक्तपेढीचंच घ्या. शंका असेल तिथे निरोध वापरायचा आग्रह धरा.

गरोदरपणात एचआयव्ही, गरमी आणि हिपॅटायटिस 'बी' या तिन्ही तपासण्या करून घ्या, आणि नवऱ्यालाही सोबत न्या. बाळाला हिपॅटायटिस 'बी'ची पहिली लस जन्मानंतर २४ तासांच्या आत मिळायला हवी. आईला एचआयव्ही असला, तरी वेळेवर औषधं घेतल्यास बाळाला लागण होण्याचा धोका अगदी कमी होतो. हिपॅटायटिस 'सी'ला लस नाही, पण औषधांनी तो बहुतेकांचा बरा होतो. सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त राहतं. विचारायची लाज वाटली तर १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करा.

कर्व्यांनी ज्या बोलण्यासाठी नोकरी घालवली आणि दंड भरला, ते बोलायला आज आपल्याला कुणी कोर्टात खेचणार नाही. मग गप्प का बसायचं?