उलट्या गिटारचा जिमी

जिमी हेंड्रिक्स डावखुरा. उजव्या हाताची गिटार उलटी धरायची, तारा फिरवून लावायच्या आणि वाजवायचं! १९४२ साली सिअ‍ॅटलला जन्म, घरची गरिबी. आर्मीत पॅराट्रूपर झाला, पण रमला नाही. मग काही वर्षं लिटल रिचर्ड वगैरेंच्या मागे उभं राहून वाजवलं. अमेरिकेत कोणी विशेष विचारेना. १९६६ मध्ये चॅस चँडलरने लंडनला नेलं आणि काही महिन्यांत नाव झालं.

आपल्याला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणजे डोकेदुखी. गॅदरिंगला माईकने शिट्टी मारली की साउंडवाला धावतो. जिमी मात्र मार्शल अ‍ॅम्पसमोर मुद्दाम उभा राहायचा. स्पीकरच्या आवाजाने तार हलायची, पिकअप तेच परत अ‍ॅम्पला द्यायचा, आणि हा त्या किंकाळीला हवी तशी वळवायचा. १९६९ मध्ये वुडस्टॉकला त्याने अमेरिकेचं राष्ट्रगीत असंच वाजवलं. त्यात व्हिएतनामचे बॉम्ब ऐकू येतात असं खूप जण म्हणतात. मला तरी येतात. (१९६७ मध्ये मॉन्टेरीला गिटार जाळली, ते मात्र मला पटत नाही.)

ऑगस्ट १९७० मध्ये न्यूयॉर्कला स्वतःचा इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओ उघडला. १८ सप्टेंबरला लंडनमध्ये झोपेच्या गोळ्या जास्त झाल्या आणि तो गेला. वय २७. स्टुडिओत अजून रेकॉर्डिंग चालतं.