घड्याळजी अब्राहम-लुई ब्रेगे

माझ्या वडिलांच्या मनगटावर एचएमटीचे चावीचे घड्याळ असते. ते त्यांनी लग्नाच्या वर्षी घेतले. मागच्या दिवाळीत ते बंद पडले, म्हणून मी ते तालुक्याच्या गावी एका वृद्ध घड्याळजीकडे नेले. त्याने मागचे झाकण काढले आणि झाकणाच्या आतल्या बाजूस सुईने कोरलेल्या बारीक खुणा मला भिंगातून दाखविल्या. कोठे तारीख होती, कोठे नुसती दोन अक्षरे. ज्या ज्या वेळी ते घड्याळ खोलून साफ केले गेले, त्या त्या वेळी त्या कारागिराने आपली खूण मागे ठेवली होती. वडील इतकी वर्षे ते घड्याळ वापरीत आले, पण या खुणा त्यांना ठाऊक नव्हत्या. दुरुस्तीला जेवढे पैसे पडतील तेवढ्यात सेलवर चालणारे नवे घड्याळ येते, हेही त्या घड्याळजीने प्रामाणिकपणे सांगितले. मग एवढा खर्च करून जुने घड्याळ का राखावे, हा प्रश्न घेऊन मी घरी आले. त्याचे उत्तर शोधता शोधता दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एका थोर कारागिराची जीवनकथा माझ्या हाती लागली. घड्याळांच्या जगात त्याचे नाव ठाऊक नाही असा माणूस सापडणार नाही. तीच कथा येथे थोडक्यात सांगत आहे.

अब्राहम-लुई ब्रेगे याचा जन्म १० जानेवारी १७४७ रोजी नशातेल येथे झाला. हे गाव आज स्वित्झर्लंडमध्ये आहे. त्या काळी तेथे प्रशियाच्या राजाचा अंमल होता. अब्राहम अकरा वर्षांचा असताना त्याचे वडील वारले. आईने दुसरा विवाह केला. सावत्र वडील घड्याळांचा धंदा करणाऱ्या घराण्यातले होते, आणि त्यांनीच या मुलाला त्या वाटेला लावले. १७६२ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो फ्रान्सच्या राजांचे निवासस्थान असलेल्या व्हर्साय येथे एका घड्याळजीकडे उमेदवारी करू लागला. दिवसभर हातात कानस आणि चिमटा, आणि संध्याकाळी पॅरिसच्या माझारँ महाविद्यालयात ॲबे मारी या धर्मगुरूंजवळ गणिताचा अभ्यास, असा त्याचा क्रम होता. आपल्याकडील 'कमवा आणि शिका' योजनेतील विद्यार्थ्याला हे चित्र परके वाटणार नाही. पुढे थोड्याच काळाच्या अंतराने त्याचे गुरू, आई आणि सावत्र वडील निवर्तले, आणि धाकट्या बहिणीचा भार या तरुणावर पडला. तरीही त्याने अभ्यास सोडला नाही. ब्रेगेच्या हाताला जे कौशल्य होते ते त्या काळच्या पुष्कळ कारागिरांजवळ होते. परंतु हाताला गणिताची जोड फार थोड्यांनी दिली होती.

१७७५ मध्ये त्याचे लग्न झाले आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये सीन नदीतील बेटावर, घड्याळाचा धक्का या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यावर, त्याने स्वतःचे दुकान थाटले. पाच वर्षांतच पत्नीचा मृत्यू झाला. लहानगा मुलगा आंत्वान-लुई मागे राहिला. या दुःखातही त्याचे काम थांबले नाही. १७८० पासून त्याने आपोआप चावी भरणारी घड्याळे विकावयास आणली. घड्याळ खिशात असताना माणूस चालू लागला की आतले एक वजन हेलकावे घेई आणि त्यामुळे कमान गुंडाळली जाई. ही कल्पना त्याच्या आधीही योजली गेली होती. ती भरवशाची केली ब्रेगेने. त्या काळी अंधारात वेळ कळावी म्हणून कळ दाबताच ठोके देणारी घड्याळे असत. त्यांतील जाड घंटेऐवजी ब्रेगेने १७८३ मध्ये पोलादी तारेची कमान बसविली, आणि घड्याळ एकदम सडपातळ झाले. राजा सोळावा लुई, राणी मारी आंत्वानेत आणि दरबारातील सरदार त्याची गिऱ्हाइके बनली.

त्याच १७८३ साली त्याच्याकडे एक विलक्षण मागणी आली. त्या वेळी माहीत असलेल्या घड्याळविद्येतील सर्व करामती ज्यात असतील, आणि जेथे जेथे शक्य असेल तेथे इतर धातूऐवजी सोने वापरलेले असेल, असे एक घड्याळ राणीसाठी करावयाचे होते. पैशाची मर्यादा नव्हती आणि मुदतही नव्हती. वहीत त्याला १६० हा क्रमांक मिळाला. हे घड्याळ पुढे काय काय पाहणार होते, याची त्या वेळी कोणालाही कल्पना नसावी.

१७८९ मध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटला. ब्रेगे स्वतः सुधारणेच्या बाजूचा होता. परंतु त्याची गिऱ्हाइके राजदरबारातली. क्रांतीचा जहाल पुढारी जाँ-पॉल मारा हा त्याचा जुना मित्र. एकदा मारा एका घरात असताना बाहेर खवळलेला जमाव जमला, तेव्हा ब्रेगेने त्याला म्हातारीचा वेष देऊन, हाताला धरून सुखरूप बाहेर काढले, अशी गोष्ट सांगतात. पुढे १७९३ मध्ये ब्रेगेच्याच मानेवर सुरी लटकू लागली, तेव्हा माराच्या मदतीने त्याला देश सोडण्याचा परवाना मिळाला. तो मुलासह स्वित्झर्लंडला निघून गेला. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला राणीचा शिरच्छेद झाला. तिचे घड्याळ अपुरेच होते.

१७९५ मध्ये ब्रेगे पॅरिसला परतला, तेव्हा कारखाना विस्कटलेला होता आणि जुनी गिऱ्हाइके मेली होती किंवा परागंदा झाली होती. वय अठ्ठेचाळीस. दुसरा कोणी असता तर खचला असता. ब्रेगेने मात्र नव्या काळाला साजेसे एक साधे घड्याळ योजले. त्याला एकच काटा होता. तबकडी मोठी असल्यामुळे त्या एका काट्यावरूनही मिनिटांचा अंदाज येई. किंमत सुमारे ६०० फ्रँक. त्यांपैकी चौथा हिस्सा मागणी नोंदवताना भरावयाचा आणि उरलेले घड्याळ हाती आल्यावर द्यावयाचे. रचना मुद्दाम अशी सोपी ठेवली होती की कोणत्याही गावच्या सामान्य घड्याळजीला ते दुरुस्त करता यावे. अशी सुमारे ७०० घड्याळे विकली गेली. राजाराणीसाठी घड्याळे करणाऱ्या माणसाने आपला माल दुसऱ्याच्या हातून दुरुस्त व्हावा अशी सोय करून ठेवली, ही गोष्ट मला त्याच्या सर्व शोधांइतकीच मोठी वाटते.

त्याचे शोधही काही थोडे नाहीत. घड्याळ हातून पडले की आतील तोलचक्राच्या आसाची नाजूक टोके मोडत. त्यांना १७९० च्या सुमारास त्याने लवचीक आधार दिला. आजच्या मनगटी घड्याळांतील धक्कारोधक योजनेचे मूळ त्यातच आहे. हेअरस्प्रिंगचा शेवटचा वेढा वर उचलून आत वळविण्याची त्याची युक्ती आजही उत्तम घड्याळांत वापरतात आणि तिला त्याचेच नाव आहे. २६ जून १८०१ रोजी त्याला 'तूर्बियाँ' या रचनेचे पेटंट मिळाले. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ वावटळ. खिशात घड्याळ उभे राहते, आणि गुरुत्वाकर्षणामुळे तोलचक्राची चाल एका बाजूस किंचित चुकते. ब्रेगेने ते चक्रच एका छोट्या पिंजऱ्यात बसवून पिंजरा सावकाश फिरता ठेवला. त्यामुळे एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूने भरून निघते. लंडनचा थोर घड्याळजी जॉन अर्नोल्ड हा त्याचा स्नेही होता, आणि अर्नोल्डचा मुलगा पॅरिसला येऊन ब्रेगेजवळ शिकला होता. अर्नोल्ड १७९९ मध्ये वारला. १८०८ मध्ये ब्रेगेने अर्नोल्डच्याच एका घड्याळात आपली तूर्बियाँ बसवून ते त्या मुलाला भेट दिले. ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्याची आठवण अशी जपणारा माणूस विरळाच.

ब्रेगेचे नाव वाढले तशी त्याच्या नावाची खोटी घड्याळेही बाजारात वाढली. तेव्हा त्याने तबकडीवर अगदी बारीक, विशिष्ट कोनात उजेड पडला तरच दिसेल अशी गुप्त सही कोरण्यास सुरुवात केली. त्याहून मोठे संरक्षण मात्र त्याच्या वह्यांचे होते. कोणत्या क्रमांकाचे घड्याळ कोणाला, केव्हा, केवढ्याला विकले, याची नोंद त्याच्या दुकानात होई. आणि घड्याळ दुरुस्तीला परत आले की तीही नोंद होई.

या नोंदींचे मोल एका उदाहरणावरून कळते. नेपोलियनची बहीण, नेपल्सची राणी कॅरोलिन म्यूरा हिने १८१० मध्ये ब्रेगेकडे मनगटावर बांधावयाचे एक घड्याळ मागितले. ते लांबट गोल आकाराचे होते, कळ दाबताच ठोके देणारे होते, त्यात तापमापक होता, आणि केस व सोन्याची तार गुंफून त्याचा पट्टा केलेला होता. किंमत ५,००० फ्रँक. १८१२ मध्ये ते पूर्ण झाले. मनगटी घड्याळ म्हणून मुद्दाम घडविलेले जुन्यात जुने ज्ञात घड्याळ ते हेच, असे मानले जाते. आज ते कोठे आहे हे कोणालाही माहीत नाही. मग ते होते तरी हे कशावरून कळले? वहीवरून. १८४९ मध्ये आणि पुन्हा १८५५ मध्ये कॅरोलिनच्या मुलीने ते दुरुस्तीसाठी पाठविले होते आणि दोन्ही वेळा त्याचे वर्णन टिपले गेले. सोने गेले, यंत्र गेले; दुरुस्तीची नोंद उरली.

ब्रेगेला आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात मोठे मान मिळाले. १८१५ मध्ये तो फ्रेंच आरमाराचा घड्याळजी झाला, १८१६ मध्ये विज्ञान अकादमीचा सभासद झाला. पण कारखान्यात तो पूर्वीसारखाच राहिला. कारागिराने आणलेल्या मजुरीच्या बिलाच्या शेवटी शून्य असले, तर तो त्या शून्याला शेपूट काढून त्याचा नऊ करी, अशी आठवण सांगतात. १७ सप्टेंबर १८२३ रोजी पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले.

राणीचे ते घड्याळ त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १८२७ मध्ये, त्याच्या मुलाच्या देखरेखीखाली पुरे झाले. मागणीपासून ४४ वर्षे लोटली होती. ज्याने ते पुढे बाळगले, त्या सरदाराने १८३८ मध्ये ते दुरुस्तीला टाकले आणि परत नेलेच नाही. पुढे सर डेव्हिड सालोमन्स या इंग्रज संग्राहकाने ते १९१७ मध्ये विकत घेतले. त्याच्या मुलीने जेरुसलेममध्ये उभारलेल्या संग्रहालयात ते ठेवले गेले. तेथून १९८३ मध्ये ते इतर अनेक घड्याळांबरोबर चोरीस गेले, आणि चोवीस वर्षांनी, २००७ मध्ये, ते परत मिळाल्याचे जाहीर झाले. ब्रेगेचे २६६७ क्रमांकाचे दुसरे एक घड्याळ १८१४ मध्ये ५,००० फ्रँकला विकले गेले होते. २०१२ मध्ये जिनिव्हा येथील लिलावात त्याला ४३ लाखांहून अधिक स्विस फ्रँक मिळाले.

असे आकडे वाचून आज अनेक धनिक उंची घड्याळे गुंतवणूक म्हणून घेतात. परंतु घड्याळ हे काही जमिनीसारखे पडून राहणारे धन नव्हे. साध्या चावीच्या मनगटी घड्याळातील तोलचक्र सेकंदाला पाच ठोके देते. म्हणजे एका दिवसात ४ लाख ३२ हजार ठोके. तेल सुकते, दाट होते, आस झिजू लागतात. दर काही वर्षांनी खोलून, धुऊन, तेल घालून ते पुन्हा जुळवले नाही, तर सोन्याचे घड्याळही आतून मरते. उत्तम तेल मिळाले तर उत्तम घड्याळ करून देऊ, असे ब्रेगे म्हणत असे अशी आख्यायिका आहे. जाणता संग्राहकसुद्धा घड्याळाबरोबर त्याचे कागद मागतो, ते कोणी कसे राखले हे विचारतो. दोनशे वर्षे टिकलेल्या घड्याळात एका कारागिराचे श्रम नसतात. त्याच्या मागून आलेल्या कितीतरी अनामिक दुरुस्ती करणाऱ्यांचे असतात. ब्रेगेची थोरवी ही की त्याने त्यांना हिशेबात धरले.

वडिलांच्या घड्याळाला लिलावात कोणी पुसणार नाही, हे मला माहीत आहे. तरीही पुढच्या आठवड्यात मी पुन्हा त्या घड्याळजीकडे गेले आणि ते दुरुस्तीला दिले. ते परत देताना, मी न सांगताच, त्याने झाकण उघडून दाखविले. जुन्या खुणांच्या खाली नवी तारीख होती.