‘उद्या’ विसरलेला सावकार

सुख ही उद्या मिळणारी वस्तू आहे, असे आपण विद्यार्थी मनोमन धरून चालतो. परीक्षा संपली की सुख, पदवी मिळाली की सुख, नोकरी लागली की सुख! मी तर वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. आजची शिल्लक उद्याच्या पानावर ओढणे हा माझ्या अभ्यासाचाच भाग. म्हणूनच कन्नडमधील थोर संतकवी पुरंदरदास यांचे चरित्र मला जवळचे वाटते, कारण तेही मूळचे पेढीवरचेच.

त्यांचा जन्म १४८४ च्या सुमाराचा मानतात. जन्मस्थान पुण्याजवळचे पुरंदर की शिवमोग्गा जिल्ह्यातील आरग, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. मूळ नाव श्रीनिवास नायक. सराफी व सावकारी इतकी भरभराटीला आली की लोक त्यांना नवकोटनारायण म्हणत. मात्र हात तितकाच आखडता.

आख्यायिका अशी की, एक गरीब ब्राह्मण मुलाच्या मुंजीसाठी साहाय्य मागावयास आला. नायकांनी त्याला ‘उद्या या’ म्हणून सहा महिने झुलविले. शेवटी त्याने नायकांच्या पत्नीला, सरस्वतीबाईंना गाठले. त्या माउलीने तत्क्षणी नाकातील मुगुती काढून दिली. उद्यावर ढकलणारा पती आणि आजच देऊन मोकळी होणारी पत्नी! तीच मुगुती पेढीवर गहाण पडावयास आली, नायकांनी ती ओळखून पेटीत ठेवली आणि तेथून ती नाहीशी झाली. त्या प्रसंगाने त्यांचे डोळे उघडले. सर्व संपत्ती वाटून ते सहकुटुंब विजयनगरकडे निघाले.

वाटेत अरण्य लागले. सरस्वतीबाई चोरांच्या भीतीने थबकल्या. पतीला पाणी पिण्यास असावी म्हणून एक सोन्याची वाटी त्यांनी जवळ ठेवली होती. पुरंदरदासांनी ती दूर भिरकावली आणि भीतीही तिच्याबरोबर गेली. मला तर या चरित्राचे सार याच प्रसंगात दिसते. भीती अरण्यात नव्हती, उद्यासाठी जपलेल्या वाटीत होती.

विजयनगरात व्यासतीर्थांनी त्यांना दीक्षा दिली. पुढे हाती तंबोरी घेऊन, घरोघरी मधुकरी मागून, मिळेल त्यात त्या दिवसाचा निर्वाह करीत ते गात राहिले. ही तंबोरी पत्नीमुळे हाती आली, हे त्यांनी एका पदात कृतज्ञतेने सांगितले आहे.

उद्याची चिंता सोडली म्हणून ते निष्क्रिय झाले असे मात्र नाही. त्यांनी असंख्य पदे रचली. कर्नाटक संगीताचे प्राथमिक पाठ त्यांनीच घालून दिले, असे मानतात. मायामाळवगौळ रागातील त्या स्वरावलींनी आजही विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा आरंभ होतो. दर दिवसाचे काम त्यांनी त्या दिवशी मन लावून केले, इतकेच.

१५६४ मध्ये त्यांचे देहावसान झाले. पुढच्याच वर्षी तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगरची राजधानी लुटली गेली. पिढ्यान्‌पिढ्या साठविलेले वैभव धुळीस मिळाले. पदे मात्र लोकांच्या मुखी राहिली. हंपीस तुंगभद्रेच्या पात्रात पुरंदर मंडप आजही उभा आहे.

मित्रहो, आपण सर्वांनी मधुकरी मागावी असे मला म्हणावयाचे नाही. संसाराला तरतूद हवीच. परंतु तरतूद वहीत असावी, तिची धास्ती मनात नसावी. निकाल जून महिन्यात लागेल. पण आज हाती असलेले पुस्तक, शेजारी बसलेला मित्र आणि घरी वाट पाहणारी आई यांचा आनंद जूनपर्यंत शिल्लक ठेवता येत नाही. तो आजच्या खात्यावर आजच जमा करावा लागतो.