आधी आवड, मग जाण : खाँसाहेब अब्दुल करीम खाँ

गणेशोत्सवाचे दहा दिवस म्हणजे आपल्याकडे गाण्याचेही दहा दिवस. एका संध्याकाळी ख्यालगायन, दुसऱ्या संध्याकाळी नाट्यगीते, तिसऱ्या दिवशी लहान मुलांची भावगीते. बडोद्यातील मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आले आहे. पण याच मांडवात एक गोष्ट दरवर्षी दिसते. शास्त्रीय गाण्याच्या दिवशी काही मंडळी मुद्दाम मागच्या रांगेत बसतात. पुढे बसलेले जाणकार मान डोलवतात की नाही हे आधी पाहतात आणि मगच दाद देतात. राग ओळखता आला नाही तर कुणाला विचारायचीही त्यांना चोरी वाटते. घरी जुनी चित्रपटगीते आवडीने ऐकतात, पण चारचौघांत ते कबूल करत नाहीत. आपली आवड हलकी आहे आणि कुणीतरी ती पकडणार आहे, अशी भीती मनात असते.

अशा सर्वांनी ज्यांचे चरित्र एकदा तरी वाचावे असे एक थोर गायक म्हणजे किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ. आपल्या शहराशी त्यांचा जवळचा संबंध होता, आणि जाणकारांची नाके मुरडणे त्यांनी आयुष्यभर सोसले.

अब्दुल करीम यांचा जन्म 1872 साली उत्तर प्रदेशातील किराणा (कैराना) या गावी झाला. वडील काले खाँ. घराण्यात गाणे होते, तशी सारंगी आणि बीनही होती. त्या काळी गवयांच्या दुनियेतही उच्च-नीच होते. धृपदिये स्वतःला सर्वांत वरचे मानत, ख्यालिये त्यांच्या खालोखाल, आणि सारंगी वाजवणाऱ्या घरातील मुलगा गायला बसला तर त्याच्या खानदानाबद्दल कुजबूज होई. साथीला मागे बसणाऱ्यांचा मुलगा पुढे कसा बसतो, हा त्यातला प्रश्न. म्हणजे आपल्याकडचे श्रोते मागच्या रांगेत संकोचून बसतात, तशाच एका मागच्या रांगेतून हा मुलगा आला होता. पण सारंगीच्या घरात वाढल्याचा त्यांना फायदाच झाला. सारंगी गळ्याच्या सर्वांत जवळ जाणारे वाद्य. सूर किंचित हलला तरी ती लपवत नाही. त्यांच्या कानाला सुरांच्या सूक्ष्म जागांची सवय लहानपणापासून लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते भाऊ अब्दुल हक यांच्यासह बडोद्यास आले. महाराजा सयाजीराव गायकवाड यांचा तो काळ. ग्रंथालये, शाळा, कलाभवन यांच्याबरोबरच दरबारात गायन-वादनालाही मोठा आश्रय होता. तरुण अब्दुल करीम यांचे गाणे दरबारात आवडले. येथेच सरदार माने यांच्या घराण्यातील ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकू लागल्या. पुढे दोघांनी विवाह केला. मराठा सरदार घराण्यातील मुलगी आणि मुसलमान गवई, हा विवाह त्या काळी मान्य होणे शक्य नव्हते. दोघांना बडोदे सोडावे लागले. दरबारची नोकरी गेली, आश्रय गेला, ओळखीचे शहर गेले.

ही हानी मोठी होती, पण तिचा एक परिणाम असा झाला की खाँसाहेब राजवाड्यातून लोकांमध्ये आले. मुंबई, मिरज, हुबळी, धारवाड, पुणे असा त्यांचा वावर सुरू झाला. दरबारात मोजके सरदार आणि त्याहून मोजके गवई ऐकायला असत. इकडे मात्र वकील, शाळामास्तर, व्यापारी, कारकून, नाटकवेडे तरुण असा श्रोता समोर होता. त्याला रागाचे शास्त्र ठाऊक नव्हते, पण ऐकण्याची ओढ होती. खाँसाहेबांनी या श्रोत्याला कमी लेखले नाही.

त्यांच्या गाण्याची घडण याच सुमारास पक्की होत गेली. आवाज बारीक, चढा आणि अत्यंत सुरेल. विलंबित ख्यालात एकेक स्वर घेऊन, त्याच्याभोवती रेंगाळत, सावकाश पुढचा स्वर उलगडायचा, ही त्यांची रीत. लयीचे हिशेब, बोलांची झुंज, तबलजीशी चाललेली चढाओढ यात त्यांचे मन रमत नसे. इथेच जुन्या जाणकारांचा आक्षेप होता. त्यांच्या मते गवयाचे बळ लयकारीत दिसते, घराण्याच्या अनवट बंदिशींत दिसते, आणि खुल्या, भरदार आकारात दिसते. नुसते गोड गाणे म्हणजे कमी प्रतीचे गाणे. त्यातच खाँसाहेब मैफलीत सरगम म्हणू लागले. सरगम ही शिकवणीच्या खोलीतली गोष्ट, ती श्रोत्यांपुढे कशाला, असे अनेकांना वाटे.

सरगमेची ही ओढ त्यांना दक्षिणेकडून लागली होती. म्हैसूर दरबारात त्यांचे जाणे-येणे होते, आणि तेथे कर्नाटक संगीत त्यांनी कान देऊन ऐकले. आपल्या उत्तरेकडच्या गाण्यापेक्षा ते वेगळे म्हणून दूर न ठेवता त्यातले भावले ते घेतले. पुढे त्यागराजांची रचनाही त्यांनी ध्वनिमुद्रित केली. आपापल्या घराण्याबाहेरचे गाणे ऐकणेही ज्या काळी काहींना कमीपणाचे वाटे, त्या काळातली ही गोष्ट आहे.

ठुमरी ते ख्यालाइतक्याच मनापासून गात. झिंझोटीतली आणि भैरवीतली त्यांची ठुमरी आजही जुन्या तबकड्यांच्या कृपेने आपल्याला ऐकायला मिळते. मराठी नाट्यपदेही त्यांनी गायिली. 1911 साली रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’ नाटकातील देवगांधार रागातले पद त्यांनी ध्वनिमुद्रित केले आहे. मातृभाषा मराठी नसलेल्या, थोर ख्यालगायकाने नाटकातले पद गावे, यात अनेकांना उणेपणा वाटला असेल. ते ध्वनिमुद्रण ऐकताना मात्र ख्याल गातानाची सारी निष्ठा त्यात ऐकू येते. नाटकातले म्हणून सूर कुठे सैल सोडलेला नाही.

ग्रामोफोनचेही तसेच. या यंत्राने गाणे बाटेल, आवाज जाईल, घराण्याची विद्या चोरीला जाईल, अशा समजुतीने कित्येक गवई त्यापासून दूर राहिले. खाँसाहेबांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच तबकड्या दिल्या आणि पुढे 1930 नंतरच्या काळातही दिल्या. सुमारे तीन मिनिटांत एक राग मांडायचा, हे ख्यालगायकाला सोपे नव्हे. पण त्या तीन मिनिटांमुळे त्यांचे गाणे इराण्याच्या हॉटेलात, तबकड्यांच्या दुकानात, लहान गावांतल्या घरांत पोहोचले.

गदगच्या एका लहान मुलाची हकिकत सर्वांना ठाऊक आहे. दुकानात लागलेली खाँसाहेबांची तबकडी ऐकून तो तिथेच खिळून राहिला. आपल्यालाही असे गाता आले पाहिजे या ध्यासाने तो पुढे घर सोडून निघाला. तेच पंडित भीमसेन जोशी. त्या दिवशी दुकानासमोर उभ्या असलेल्या मुलाला राग, थाट, घराणे यांतले काय कळत असणार? त्याला फक्त आवडले होते. शास्त्र त्याने नंतर अनेक वर्षे कष्ट करून मिळवले. आवडीने त्याला शास्त्राच्या दारापर्यंत नेले. दारावर कुणी त्याची परीक्षा घेऊन, आधी राग ओळखून दाखव असे म्हटले असते, तर तो आत आलाच नसता.

पण यावरून कुणी असे समजू नये की खाँसाहेबांना शास्त्राचे वावडे होते किंवा लोकांना आवडेल तेच द्यावे असे त्यांचे मत होते. सुरांच्या बाबतीत त्यांच्याइतका काटेकोर मनुष्य विरळा. तंबोरा जुळवण्यात ते कितीही वेळ घेत. वाद्ये स्वतःच्या हातांनी दुरुस्त करत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमेंट्स हे बावीस श्रुतींचा अभ्यास करत होते. त्या कामात खाँसाहेबांच्या गळ्याचा आणि कानाचा त्यांना मोठा उपयोग झाला. 1916 साली आपल्या बडोद्यातच पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. श्रुतींचा हा विषय तेथेही चर्चेला होता. म्हणजे ज्यांचे गाणे फक्त गोड म्हणून काहींनी बाजूला सारले, त्या गाण्यामागे सुरांचा असा सूक्ष्म अभ्यास होता. गोडवा आणि विद्या यांचे वैर असते, ही समजूतच त्यांच्या गाण्याने खोटी ठरवली.

1913 साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. गुरूच्या घरी वर्षानुवर्षे सेवा करावी आणि त्याच्या मर्जीने चार चिजा मिळवाव्यात, अशी तोवरची रीत. विद्यालयात सामान्य घरांतली मुलेही शिकू लागली. त्यांच्या शिष्यांत सवाई गंधर्व, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, बहरेबुवा, रोशनआरा बेगम अशी मोठी नावे आहेत. सवाई गंधर्वांकडून ही विद्या गंगूबाई हनगळ आणि भीमसेन जोशी यांच्यापर्यंत आली.

संसारात मात्र त्यांना सुख लाभले नाही. 1922 च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी आईकडचे नाव लावले. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, कमलाबाई बडोदेकर, सरस्वतीबाई राणे ही ती भावंडे. हिराबाईंचा जन्म मिरजेचा, 1905 चा. तरी त्यांच्या नावात आपले शहर आहे. जे शहर आई-वडिलांना सोडावे लागले, त्याचे नाव मुलींनी साऱ्या देशात नेले, याचा आपल्या बडोदेकरांना अभिमान वाटावा आणि थोडी खंतही.

या भावंडांनी वडिलांचा सूर जपला आणि त्यांचा मोकळेपणाही. हिराबाईंनी ख्याल गायिला, ठुमरी गायिली, नाट्यपदे आणि भावगीतेही गायिली. घरंदाज श्रोत्यांसमोर स्त्रीने तिकीट लावून जाहीर मैफल करणे हे ज्या काळी धाडस होते, त्या काळात त्यांनी ते रूढ केले. 1970 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. सरस्वतीबाईंनी 1943 च्या ‘रामराज्य’ या चित्रपटासाठी पार्श्वगायन केले, आणि भीमपलासीतले ते गीत घरोघरी पोहोचले. सुरेशबाबू आणि हिराबाई यांच्याकडे शिकलेल्या माणिक वर्मा यांनी भावगीतांना आणि ‘गीतरामायणा’तील सीतेच्या गीतांना आपला आवाज दिला. तेव्हा माणिकबाईंचे भावगीत आवडते हे सांगताना जो ओशाळतो, त्याने हे ध्यानात घ्यावे की त्या गीतातला सूर किराण्याच्या घरूनच आलेला आहे. ख्याल वरचा आणि भावगीत खालचे, अशी भिंत घालणाऱ्यांना या घराण्यात ती कुठे घालावी हा प्रश्नच पडेल.

खाँसाहेबांचे अखेरचे दिवस मिरजेत आणि दक्षिणेच्या दौऱ्यांत गेले. ऑक्टोबर 1937 मध्ये ते मद्रासहून पाँडिचेरीकडे रेल्वेने निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागले. सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्थानकावर ते उतरले. फलाटावरच अंथरूण घालून, तंबोरा जुळवून, दरबारी रागात ईश्वराची प्रार्थना करत त्यांनी देह ठेवला, असे सांगितले जाते. तो दिवस 27 ऑक्टोबरचा. पार्थिव मिरजेस आणले गेले आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. तेथे त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी उरुसात गायक-वादक हजेरी लावतात. त्या मैफलींना तिकीट नसते. समोर गवई बसतात, तसे यात्रेला आलेले साधे लोकही बसतात.

खाँसाहेबांना नावे ठेवणाऱ्या जाणकारांचे सारेच चुकीचे होते असे नाही. लयकारी, बंदिशींचा संग्रह, घराण्याची शिस्त ही मोठी संपत्ती आहे, आणि ती जपणाऱ्यांचे आपल्यावर ऋण आहे. ज्याला कळते त्याच्याजवळ बसावे, त्याला विचारावे, हे चांगलेच. चूक होते ती त्या विद्येची काठी करून दुसऱ्याच्या आवडीवर उगारण्यात. आणि ऐकणाऱ्याचीही एक चूक होते. तो काठीला भिऊन आपल्याच कानांवरचा विश्वास घालवतो, मग जे आवडत नाही त्याला मान डोलवतो आणि आवडते ते लपवतो. असा श्रोता पुढे शिकतही नाही, कारण शिकायचे तर आधी मला हे कळले नाही असे मोकळेपणाने म्हणता यावे लागते.

या उत्सवातही एका संध्याकाळी ख्यालगायन होईल. मागच्या रांगेत बसणाऱ्यांनी त्या दिवशी दोन रांगा पुढे यावे. एखादी जागा मनाला भिडली तर शेजाऱ्याकडे न पाहता दाद द्यावी. राग ओळखता आला नाही तर मध्यंतरात चहा घेताना विचारावे. आणि पुढच्या रांगेतल्या जुन्या जाणत्यांनी विचारणाऱ्याला हसू नये, जवळ बसवून सांगावे. घरातल्या मुलांना खाँसाहेबांची एखादी तबकडी जरूर ऐकवावी. मात्र ऐकण्यापूर्वी रागाचे नाव सांगू नये. ते मुलांनीच विचारू द्यावे.

गणपती बाप्पा मोरया!