सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्सचा जन्म घरातल्या टेबलावर! कोण होते ओट्टो विख्टरले?

भूम-धाराशिवहून पुण्याला शिकायला गेलेल्या मुलामुलींच्या बॅगेतही आता कॉन्टॅक्ट लेन्सची डबी सापडते. डोळ्यात घातल्यावर जाणवतही नाही, अशी ही मऊ लेन्स चेक रसायनशास्त्रज्ञ ओट्टो विख्टरले यांची देणगी आहे. सरकारने संशोधन थांबवले, तेव्हा त्यांनी ती घरीच बनवून दाखवली.

हायड्रोजेल म्हणजे काय?

भिजवलेला सब्जा आठवा. बी फुगते, भोवती पाणी धरून ठेवते, पण विरघळत नाही. हायड्रोजेल तसेच असते. पॉलिमरच्या साखळ्यांची जाळी पाणी शोषून मऊ होते. विख्टरले आणि त्यांचे सहकारी ड्राहोस्लाव्ह लिम यांनी १९५० च्या दशकात ‘हेमा’ या रसायनापासून असे जेल तयार केले. त्यात साधारण ३८ टक्के पाणी असते.

डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, रक्तवाहिन्या नसतात. तो ऑक्सिजन मुख्यतः हवेतून घेतो. जुन्या कडक प्लॅस्टिकच्या लेन्समधून ऑक्सिजन जवळजवळ जातच नसे. जेलमधल्या पाण्यातून तो पोहोचतो.

तुरुंग ते प्रयोगशाळा

विख्टरले यांचा जन्म २७ ऑक्टोबर १९१३ रोजी मोराव्हियातील प्रोस्टेयोव्ह येथे झाला. वडिलांचा शेती अवजारांचा कारखाना होता. १९३९ मध्ये नाझींनी चेक विद्यापीठे बंद केल्यावर ते झ्लीनच्या बाटा कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे त्यांनी नायलॉनसारखा ‘सिलोन’ धागा विकसित केला. १९४२ मध्ये गेस्टापोने त्यांना काही महिने तुरुंगात डांबले.

युद्धानंतर ते प्रागमध्ये प्राध्यापक झाले. १९५८ मध्ये राजकीय कारणावरून त्यांना तिथून काढण्यात आले. पुढे विज्ञान अकादमीच्या नव्या संस्थेचे ते संचालक झाले. मात्र साच्यात ओतलेल्या लेन्सच्या कडा फाटत होत्या. आरोग्य मंत्रालयाने प्रकल्पच गुंडाळला.

खेळण्यातले यंत्र

१९६१ च्या नाताळात विख्टरले यांनी मुलांच्या मेकॅनोसारख्या ‘मेर्कुर’ संचाचे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून घरीच यंत्र उभे केले. फिरत्या साच्यात द्रव टाकला की तो कडेकडे पसरतो आणि तसाच घट्ट होतो. साच्याचा आकार आणि फिरण्याचा वेग बदलला की लेन्सचा नंबर बदलतो. पहिल्या चार लेन्स अशा तयार झाल्या. पुढच्या काही महिन्यांत पत्नी लिंडा यांच्या मदतीने त्यांनी हजारो लेन्स बनवल्या.

फायदा कोणाला?

पेटंटचे हक्क सरकारने १९६५ मध्ये अमेरिकन कंपनीला विकले. १९७१ मध्ये बॉश अँड लॉम्बच्या सॉफ्ट लेन्सला अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि मोठा उद्योग उभा राहिला. विख्टरले यांच्या वाट्याला त्यातले फारच थोडे आले. १९६८ च्या सुधारणावादी जाहीरनाम्याला पाठिंबा दिल्यामुळे त्यांचे संचालकपदही गेले. राजवट बदलल्यावर १९९० मध्ये ते त्याच अकादमीचे अध्यक्ष झाले. १८ ऑगस्ट १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

लेन्स वापरणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

जे जेल अश्रू धरते, ते दूषित पाणीही धरते. नळ, बोअर किंवा टाकीच्या पाण्यातला अकांथामिबा हा सूक्ष्मजीव लेन्सला चिकटून कॉर्नियाला गंभीर संसर्ग करू शकतो. त्यामुळे लेन्स पाण्याने धुवू नये, फक्त त्यासाठीच्या द्रावणानेच स्वच्छ करावी आणि आंघोळीपूर्वी व झोपण्यापूर्वी काढून ठेवावी.